म्हाताऱ्या मांजराचा ब्लड रिपोर्ट वाचताना

बारा-तेरा वर्षांचं मांजर. खाणं ठीकठाक, पण अंगाने जरा उतरलेलं. डॉक्टर रक्त तपासून घ्यायला सांगतात आणि संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन पानांची पीडीएफ येते. तीस-पस्तीस आकडे, त्यातले पाच-सहा ठळक ठशात, काहींपुढे वर जाणारा बाण, काहींपुढे खाली येणारा. डॉक्टरांची वेळ उद्याची असते. मग रात्री घरातलं प्रत्येक जण एकेक शब्द मोबाइलवर शोधत बसतं आणि सकाळपर्यंत मांजराला किडनीचा, लिव्हरचा, साखरेचा आणि रक्ताचा असे चार आजार जडलेले असतात. मांजर मात्र नेहमीसारखं कपाटावर झोपलेलं असतं.

असा रिपोर्ट वाचायची एक रीत आहे आणि ती डॉक्टर नसलेल्यालाही समजण्यासारखी आहे. सुटा आकडा फार थोडं सांगतो. दुसऱ्या आकड्याशी त्याची जोडी लावली, मांजराच्या वजनाशी आणि लघवीशी तो ताडून पाहिला, आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवला, की त्यातून खरी माहिती मिळायला लागते.

‘नॉर्मल’ कुणी ठरवलं?

रिपोर्टच्या उजव्या रकान्यात प्रत्येक चाचणीची एक मर्यादा छापलेली असते. निरोगी मांजरांच्या एका गटाचं रक्त तपासतात, आलेले आकडे चढत्या क्रमाने लावतात आणि मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या मांजरांपैकीही पाच टक्के त्या मर्यादेबाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एका ठणठणीत मांजरावर केल्या, तर त्यातली निदान एक तरी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तेव्हा एखाद-दुसरा बाण, तोही मर्यादेच्या काठावरचा, हा बहुतेक वेळा गणिताचा भाग असतो.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. बाण नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. समजा, एका मांजराचं क्रिएटिनिन तीन वर्षांपूर्वी १.० होतं, गेल्या वर्षी १.३ आणि आता १.८. लॅबची वरची मर्यादा २.० किंवा त्याहून जास्त असेल तर तिन्ही वेळा रिपोर्ट स्वच्छच दिसेल. पण या मांजराच्या किडन्या रक्त गाळायचं काम आता पूर्वीइतकं करत नाहीत, हे तीन आकडे शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं. इतर मांजरांशी तुलना करण्यापेक्षा मांजराची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी करणं केव्हाही अधिक भरवशाचं.

आजार शोधण्याआधी नमुना तपासा

रिपोर्टमधल्या काही गडबडी मांजराच्या शरीरात नसतातच. त्या सुई, नळी आणि प्रवासातून आलेल्या असतात.

पहिली गोष्ट भीतीची. पिंजऱ्यात कोंबून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून क्लिनिकपर्यंत आलेल्या मांजराच्या अंगात अ‍ॅड्रेनॅलिन उसळलेलं असतं. त्याने रक्तातली साखर काही मिनिटांत २०० किंवा ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकते. पांढऱ्या पेशींची संख्याही तात्पुरती वाढते.

दुसरी गोष्ट प्लेटलेटची. मांजराच्या प्लेटलेट रक्त काढताना सहज एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. मशीन त्या गुठळीतल्या सुट्या पेशी मोजू शकत नाही आणि प्लेटलेट ४०-५० हजार असा छातीत धस्स करणारा आकडा छापून मोकळं होतं. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की गुठळ्या दिसतात आणि प्रश्न सुटतो. म्हणून प्लेटलेट कमी दिसल्या की पहिला प्रश्न एकच विचारायचा: स्लाइड पाहिली का?

तिसरी गोष्ट नळीची. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. तिच्यातलं थोडं रक्त चुकून दुसऱ्या नळीत गेलं, तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम भलतंच घटलेलं दिसतं. हे दोन्ही एकदम, आणि मांजर मात्र आरामात हिंडतंय, असं असेल तर आधी नमुन्यावर संशय घ्यावा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तरी काही आकडे खोटे वाढतात. आणि रक्त वेळेत वेगळं न करता तसंच पडून राहिलं, तर पेशी त्यातली साखर खात राहतात आणि साखर खोटी कमी दिसते.

चौथी गोष्ट लॅबची. महाराष्ट्रात पशुवैद्यकाचं शिक्षण जुनं आहे. परळचं कॉलेज १८८६ चं. तरीही अनेक गावांत मांजराचं रक्त माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच जातं. माणसाच्या लाल पेशीचं सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर असतं, मांजराच्या पेशीचं त्याच्या जवळपास निम्मं. उलट मांजराच्या प्लेटलेट मोठ्या असतात. त्यामुळे माणसांसाठी बेतलेल्या मशीनची या दोन पेशींत गल्लत होते. शिवाय रिपोर्टवर मर्यादाही माणसांच्याच छापलेल्या असतात, त्यामुळे तिथले बाण निरर्थक ठरतात. क्रिएटिनिन, युरिया अशा रासायनिक चाचण्यांचे आकडे उपयोगी पडू शकतात, पण ते मांजराच्या मर्यादांशी ताडूनच वाचायला हवेत.

किडनी: एका आकड्यावर भागत नाही

उतारवयातल्या मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक म्हणजे किडनीचा जुनाट आजार. घरोघरी दिसणाऱ्या पर्शियन मांजरांत तर किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजारही असतो. तो सोनोग्राफीत दिसतो. रिपोर्टमध्ये किडनीसाठी दोन जुने आकडे असतात, युरिया आणि क्रिएटिनिन, आणि काही लॅबमध्ये एसडीएमए हा तिसरा.

युरिया चंचल आहे. पाणी कमी पडलं, मांसाहार भरपूर झाला, आतड्यात रक्तस्राव झाला, तरी तो वाढतो. क्रिएटिनिन जास्त स्थिर, पण त्याच्या दोन अडचणी. एक, किडनीची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत ते बरेचदा मर्यादेतच राहतं. दोन, ते स्नायूंतून तयार होतं. म्हाताऱ्या मांजराचे स्नायू झिजलेले असतात, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा बरा दिसतो. पाठीचा कणा हाताला लागणाऱ्या हडकुळ्या मांजराचं १.७ आणि धष्टपुष्ट बोक्याचं १.७ हे दोन वेगळे आकडे आहेत. एसडीएमएवर स्नायूंचा असा परिणाम होत नाही आणि ते सरासरीने लवकर वाढतं. साधारण १४ च्या वर गेलं की लक्ष द्यावं, पण तेही एकदा वाढलं म्हणून घाबरू नये, पुन्हा तपासावं.

आता जोडी लावू. दोन मांजरं आहेत, दोघांचंही क्रिएटिनिन २.४. पहिल्याच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व १.०५०, दुसऱ्याचं १.०१५. मांजर हा मुळात कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचा वंशज. पाणी वाचवून लघवी घट्ट करण्यात त्याची किडनी पटाईत असते. निरोगी मांजराची लघवी सहसा १.०३५ च्या वर असते. पहिल्या मांजराची किडनी पाणी नीट राखते आहे. त्याचं क्रिएटिनिन बहुधा अंगातलं पाणी कमी झाल्याने वाढलंय आणि सलाईननंतर उतरेल. दुसऱ्याच्या किडनीला लघवी घट्ट करणं जमत नाहीये, म्हणजे दोष किडनीतच असण्याची शक्यता मोठी. रक्तातला आकडा तोच, पण अर्थ पार बदलला. म्हणून रक्तासोबत लघवी तपासली नसेल तर किडनीचा रिपोर्ट अर्धाच आहे.

आजार किती पुढे गेलाय हे ठरवण्यासाठी जगभरातले पशुवैद्य आयरिस या गटाची पद्धत वापरतात. प्राण्यांच्या किडनीविकारांसाठी हा गट १९९८ मध्ये व्हिएन्नात स्थापन झाला. त्यांच्या हिशेबाने मांजराचं क्रिएटिनिन १.६ पेक्षा कमी असेल आणि तरी किडनीत दुसरा काही दोष दिसत असेल तर पहिली पायरी, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५.० तिसरी आणि ५ च्या वर चौथी. मांजराच्या अंगात पुरेसं पाणी असताना, तब्येत स्थिर असताना आणि निदान दोनदा तपासून मगच ही पायरी ठरवायची असते. उलट्या होत असताना काढलेल्या रक्तावरून ‘चौथी पायरी’ असा शिक्का मारणं चूक. दुसऱ्या पायरीवर निदान झालेली मांजरं नीट काळजी घेतल्यास कित्येक वर्षंही जगतात.

पायरीबरोबर आणखी चार गोष्टी विचाराव्यात. फॉस्फरस किती? दुसऱ्या पायरीत तो ४.६ च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. आहाराने जमलं नाही तर अन्नातून फॉस्फरस बांधून घेणारं औषध देतात. पोटॅशियम किती? ते फार घटलं तर मांजर मान वर धरू शकत नाही. लघवीतून प्रथिनं जाताहेत का? प्रथिनं आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं तर त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. आणि ब्लड प्रेशर? वरचा आकडा सतत १६० च्या पुढे असेल तर डोळे, मेंदू, हृदय आणि किडनी चौघांनाही धोका. डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. त्यावर दिलं जाणारं अ‍ॅम्लोडिपिन हे माणसांच्याच प्रेशरचं औषध आहे, मात्र मांजराचा डोस डॉक्टरच ठरवतात.

थायरॉइड: दुसऱ्या आजारावर पांघरूण

म्हातारं मांजर भरपूर खातंय, तरी वाळत चाललंय, रात्री ओरडतंय, अंगात वारं शिरल्यासारखं पळतंय. हे चित्र थायरॉइड वाढल्याचं. १९७९ मध्ये मार्क पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांजरांतला हा आजार पहिल्यांदा नोंदवला. मानेतल्या ग्रंथीची ही वाढ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते.

रक्तात टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं दिसतं, पण पुष्कळदा पहिला बाण दिसतो तो एएलटी या लिव्हरच्या आकड्यापुढे. घरचे लिव्हरची औषधं शोधतात आणि मूळ दुखणं गळ्यात राहतं. थायरॉइड ताळ्यावर आलं की हे लिव्हरचे आकडेही बहुधा आपोआप उतरतात.

किडनीच्या बाबतीत उलटं होतं. वाढलेल्या थायरॉइडमुळे हृदय जोरात धावतं, किडनीतून जास्त रक्त जातं आणि क्रिएटिनिन कमी दिसतं. त्यात स्नायू झिजल्याने ते आणखी उतरतं. मुसळधार पावसात गळकं धरणही भरलेलं दिसावं, तसं हे. उपचार सुरू झाले, टी-४ उतरलं आणि महिन्याभरात क्रिएटिनिन वर गेलं, की घरच्यांना वाटतं, गोळ्यांनी किडनी बिघडवली. खरं तर आधीपासूनचा किडनीचा आजार फक्त उघडा पडलेला असतो. म्हणूनच थायरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांनी टी-४ बरोबर किडनीचे आकडे पुन्हा पाहतात आणि डोस जुळवतात.

याच्या उलटही होतं. दुसऱ्या कुठल्या गंभीर आजाराने टी-४ खाली ओढलं जातं. त्यामुळे लक्षणं थायरॉइडची आणि टी-४ मर्यादेच्या वरच्या काठाला टेकलेलं असेल, तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून विषय संपवू नये. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करावी किंवा फ्री टी-४ पाहावं.

लिव्हर आणि उपाशी मांजर

एएलटी वाढलं म्हणजे लिव्हरच्या पेशींना इजा होते आहे. लिव्हर निकामी झालं असा त्याचा अर्थ नाही. काम किती चालतंय हे अल्ब्युमिन, बिलिरुबिन, साखर, रक्त गोठण्याचा वेळ यांवरून कळतं. एएलपी या आकड्याचं वैशिष्ट्य असं की मांजराच्या रक्तात तो फार काळ टिकत नाही. निम्मा व्हायला त्याला सुमारे सहा तास लागतात, कुत्र्यात जवळपास तीन दिवस. म्हणून कुत्र्यात दुर्लक्ष करण्याजोगी वाढ मांजरात गंभीरपणे घ्यावी लागते.

एएलपी खूप वाढलेलं, त्या मानाने जीजीटी हा लिव्हरचाच आणखी एक आकडा नेहमीसारखा, कान आणि हिरड्या पिवळसर, आणि एरवी गुबगुबीत असलेल्या मांजराने चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही, असं असेल तर लिव्हरमध्ये चरबी साचत असण्याचा दाट संशय घ्यावा. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी सुटून लिव्हरमध्ये जमते आणि त्याने भूक आणखी मरते. यावरचा मुख्य उपचार म्हणजे अन्न. गरज पडल्यास नळीनेसुद्धा. वेळेत मिळालं तर बरीच मांजरं वाचतात. ‘भूक लागली की खाईल’ हा विचार मांजराच्या बाबतीत जीवघेणा ठरू शकतो.

साखर, रक्त आणि कॅल्शियम

भीतीने साखर वाढते हे वर आलंच. खरा मधुमेह ओळखायला फ्रुक्टोसामिन पाहतात. ते मागच्या साधारण एक-दोन आठवड्यांतली सरासरी साखर सांगतं. साखर २५०-३०० च्या पुढे बराच वेळ राहिली की ती लघवीत उतरते. रक्तात साखर, लघवीत साखर, तहान वाढलेली आणि वजन घटलेलं, हे सगळं जुळलं तर मधुमेह. पण इथेही थायरॉइड आडवं येतं: ते वाढलेलं असेल तर फ्रुक्टोसामिन खोटं कमी दिसू शकतं. लवकर इन्सुलिन आणि योग्य आहार सुरू केल्यावर काही मांजरांची इन्सुलिनची गरज पुढे संपतेसुद्धा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर पुढचा प्रश्न असा: नव्या लाल पेशी तयार होताहेत का? होत असतील तर रक्त कुठेतरी वाया जातंय किंवा पेशी फुटताहेत. पिसवा आणि रक्तातले परजीवी आधी शोधावेत. होत नसतील तर जुनाट किडनीविकार, दीर्घकाळची सूज किंवा अस्थिमज्जेतला बिघाड. ग्लोब्युलिन वाढलेलं असेल तर तोंड उघडून पाहावं. म्हाताऱ्या मांजरांच्या कुजलेल्या दातांतली आणि हिरड्यांतली सूज हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे.

कॅल्शियम वाढलं असेल तर आयनाइज्ड कॅल्शियम तपासून खात्री करावी. ते खरंच वाढलं असेल तर कारण शोधणं गरजेचं आहे. कधी किडनी, कधी कर्करोग, आणि पुष्कळदा कसून शोधूनही कारण सापडत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टचा फोटो समूहावर टाकून सल्ले गोळा करण्यापेक्षा चार गोष्टी जमवाव्यात: मांजराचं आजचं आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन, जुने सगळे रिपोर्ट, पाणी आणि लघवी वाढली आहे का याची नोंद, आणि चालू असलेल्या औषधांची यादी. मग डॉक्टरांना विचारावं: यातला कुठला आकडा खरा वाटतो, कुठला नमुन्यामुळे आला असेल, कुठली चाचणी पुन्हा करायची आणि कधी, आणि तोवर आज काय सुरू करायचं?

काही गोष्टी मुळीच करू नयेत. ताप किंवा दुखणं वाटलं म्हणून क्रोसिन देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीही जीव घेऊ शकते. घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. ‘किडनी आहे, मांस बंद’ म्हणून दूध-पोळीवर आणू नये. मांजर मांसाहारी प्राणी आहे, दुधातही फॉस्फरस भरपूर असतो, आणि किडनीच्या आहाराचा खरा हेतू फॉस्फरस कमी करून स्नायू टिकवणं हा आहे. नवं खाणं हळूहळू मिसळावं आणि मांजर ते खात नसेल तर हट्ट धरून उपाशी ठेवू नये, कारण उपाशी राहण्याने होणारं नुकसान जास्त मोठं आहे.

आणि काही वेळा रिपोर्टची वाट पाहायची नसते. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतोय आणि लघवी होत नाहीये, मांजर एकाएकी आंधळं झालंय, तोंड उघडून श्वास घेतंय, मागचे पाय अचानक लुळे पडलेत किंवा फुलदाणीतली लिली चावून खाल्ली आहे, अशा वेळी रात्र असो की सुट्टी, थेट दवाखाना गाठावा. अडलेल्या लघवीने पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबू शकतं. लिलीने दोन-तीन दिवसांत किडन्या निकामी होतात.

मांजर आजार लपवतं. वजन हळूहळू घटतं, पाण्याचा वाडगा जरा लवकर रिकामा होतो, आणि आपण म्हणतो, वय झालं. म्हणून मांजर सात-आठ वर्षांचं, निरोगी असतानाच एकदा रक्त, लघवी आणि ब्लड प्रेशर तपासून तो कागद जपून ठेवा. दहा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे न्या आणि घरी दर महिन्याला वजन करून तारखेसह लिहा. पुढे कधी रिपोर्टमध्ये बाण दिसले, तर ते किती खरे हे ठरवायला याच नोंदी सगळ्यात जास्त कामाला येतील.